अठरा पुरी होईपर्यंत

खोटं बोललात तुम्ही. छापून, घडी घालून, दाराखालून सरकवून खोटं बोललात. ही दुरुस्ती झाली तर आईनं पोरीला भांडी घासायला सांगितलं तरी पोलीस दारात उभा राहील, असं लिहिताना तुमचा हात अडखळला नाही? आणि तेही आमच्या पोलिश भाषेत छापलंत. म्हणजे आम्ही नीट फसावं म्हणून!

कागदाचा बोळा मुठीत धरून, ते पत्रक छापणाऱ्यांना मनातल्या मनात असं सुनावत अपोलोनिया ग्रुश्का अमेरिकेतल्या लॉरेन्स या गिरणीगावातल्या त्या लाकडी चाळीचा तिसरा जिना चढली. मतदानाला तीन दिवस उरले होते. अठराच्या आतल्या पोरांच्या कामाला लगाम घालायचा अधिकार देशाच्या संसदेला द्यायचा की नाही? घटनेतल्या या दुरुस्तीला मॅसॅच्युसेट्स राज्याचा पाठिंबा हवा की नको, एवढंच लोकांना विचारलं होतं.

दार विक्ता मादेयनं उघडलं.

"या पोलाबाई. कोबीचं सूप आहे. मत मागणार असाल तर मिळायचं नाही."

"मत मागायलाच आलेय. सूपही घेईन."

विक्ता हसली आणि खोकत बसली. वीस वर्षं गिरणीतल्या लोकरीची धूळ तिनं छातीत भरून घेतली होती. आता तिला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. नवरा आधीच गेलेला. वसंतात घरात घटसर्प शिरला आणि धाकटी याजाही गेली. उरली थोरली ब्रोंका. चौदा पुरी झालेली, म्हणून गिरणीचा परवाना असलेली. घर तिच्या पगारावर चालायचं.

अपोलोनिया या गावात उन्हाळ्यात आली, त्यामुळे हे सगळं तिला ऐकूनच ठाऊक. तेही अर्धवट. मादेयांचा विषय निघाला की चाळीतल्या बायकांना चुलीवरचं दूध आठवायचं.

शनिवारची अर्ध्या दिवसाची पाळी संपवून ब्रोंका आली. बूट दोन बोटं मोठे, केसांत लोकरीचे पुंजके.

"काय गं ब्रोंका, दमलीस?"

पोरगी बूट सोडत राहिली.

"ब्रोंका!"

"अं? हो मावशी." ती हसली. बाजूचा एक दात नव्हता.

"यंत्रांनी कान बसलेत तिचे," विक्ता म्हणाली. "सुताची कांडी उडून लागली, त्यात दात गेला. हाड बारीक आहे हो तिचं, बापासारखं. ये बाळ."

पोरगी आईच्या पायाशी बसली. विक्ता एकेक पुंजका वेचू लागली. केस ओढला जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं मुळाशी धरून. इतक्या हळू, की अपोलोनियाच्या हातात सुपाचा चमचा तसाच राहिला आणि पोरगी बसल्याजागी पेंगायला लागली.

"हे बघून तरी हो म्हण," अपोलोनिया हलकेच म्हणाली.

"म्हणजे उद्या तिला घरी बसवतील. मग आम्हाला तुम्ही पोसणार? तुमचंच शिवणकामावर कसंबसं भागतंय."

"आज मत दिलं म्हणून उद्या कायदा होत नाही बाई. अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस राज्यांनी हो म्हणायला हवं. तोवर तुझी ब्रोंका अठराची होऊन लग्नाला येईल. तिच्यासाठी नको देऊस. पुढच्या पोरींसाठी दे."

विक्ताची बोटं थांबली.

"माझ्या घरात पुढची पोर नाही," ती म्हणाली.

अपोलोनियाला आपलीच जीभ तोडावीशी वाटली.

पुन्हा पुंजके वेचत विक्ताच बोलली. "आज सर्व संतांचा दिवस, थडग्यावर मेणबत्ती लावायची. मला दफनभूमीचा चढ झेपत नाही. पोरीला न्याल? एकटीला पाठवायला नको वाटतं."

"चौदा वर्षांची घोडी, आणि एकटी नको?"

"नको हो."

दफनभूमीत सगळी पोलिश वस्ती लोटली होती. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, आणि वाऱ्याला शिव्या घालणारे म्हातारे. पोरीनं मेणबत्ती लावली आणि ज्योतीभोवती दोन्ही तळवे धरले. लाकडी क्रुसावर लिहिलं होतं: याजा मादेय, वय वर्षं अकरा. पोरगी त्या अक्षरांकडे टक लावून बघत होती. रडत नव्हती. अनोळखी गावात आपल्याच घराची पाटी दिसावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

"फार जीव होता ना बहिणीवर?"

"वेणी घालायची माझी. घट्ट. दिवसभर सुटायची नाही."

अकरा वर्षांचं पोर, वेणीवेणी खेळत असेल, असं अपोलोनियाच्या मनात आलं. तिनं शालीचं एक टोक पोरीच्या खांद्यावर ओढलं.

"आई नाही म्हणाली तरी मी तुला शब्द देते," ती म्हणाली. "चार वर्षं कळ काढ. अठरा झाली की तुझ्यावर कुणाचा हुकूम नाही. तो गिरणीचा परवाना फाडून चुलीत घाल. वाटलं तर शाळेत जा, वाटलं तर बोस्टनला जा. मुकादमानं विचारलं तर सांग, पोलामावशीनं सांगितलंय."

पोरगी हसली. मग बोटांवर काहीतरी मोजू लागली. चारावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या खेपेला एक हात संपवून दुसऱ्या हातावर सातापर्यंत गेली. मान वळवून तिनं जवळपास कुणी नाही ना ते पाहिलं. अपोलोनियाची बाही धरून तिला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड नेलं.

"मावशी, खरं सांगा. अठरा कुणाची धरायची? ताईची, की माझी?"