तुमचा ब्राउझर जुना आहे

"तुमचा ब्राउझर फार जुना आहे. कृपया नवीन वापरा." तिकिटं देणाऱ्या मानांग तेसिंगने, म्हणजे तेसिंगताईने, पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली आणि तिकीट खिडकीतून मान बाहेर काढली. "कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे?"

रांगेत हशा पिकला. खिडकीच्या आत, मानांगच्या शेजारी उभ्या असलेल्या रोझेलचे कान तापले. ती ओळ तिनेच लिहिली होती, सेबू शहरातल्या ऑफिसात बसून, अगदी खुशीत. बोट कंपनीच्या तिकिटांची नवी वेबसाइट तिने बनवली होती आणि आज बेटावरच्या लारेना बंदरात ती सुरू होणार होती. पडद्यावर निळ्या लाटा, बोटीचा नकाशा, निवडली की हलकेच उजळणारी खुर्ची. जुन्या ब्राउझरसाठी एक अक्षरही लिहिणार नाही, असं तिने साहेबांना ठणकावलं होतं. इकडे बसवलेलं पान तिकडे विस्कटायचं, ते निस्तरण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती. "ज्यांनी तो बनवला त्यांनीसुद्धा तो सोडून दिलाय, सर. आपण कशाला त्याला खांद्यावर घेऊन फिरायचं?"

आणि खिडकीतल्या संगणकावर नेमका तोच होता. काढून टाकायचीही सोय नव्हती. तिकिटं छापणारं यंत्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकतच नव्हतं.

"अगं, हाताने लिहून दे की!" रांगेतून नोंग बेर्तो, सगळ्यांचा बेर्तोदादा, ओरडला. त्याच्या काखेत झुंजीचा कोंबडा होता.

"आजपासून छापील तिकिटाशिवाय कुणाला चढू द्यायचं नाही," बंदराचा अधिकारी म्हणाला. "आणि वादळी वाऱ्याचा इशारा कधीही येईल. आला की बोट इथेच."

रांगेच्या पुढच्या टोकाला एक मुलगी पांढरा गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून उभी होती. "मानांग, उद्या सेबूत माझी परीक्षा आहे. नर्सिंगची," ती म्हणाली. "आईने भावंडांत मला एकटीलाच शिकवलंय. ही हुकली तर..."

मानांगने रोझेलकडे पाहिलं. "दाय, पोरी, तू शहरातून आलीस ना हे घेऊन? मग कर काहीतरी."

रोझेलने शीतपेयाचा रिकामा क्रेट पालथा घातला, त्यावर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा तिने ती ओळ काढली. मानांगने पान पुन्हा उघडलं. पांढरंफटक. रांगेने उसासा टाकला. रोझेलने नकाशा हलवणारा सगळा भाग काढला. या खेपेला खुर्च्या दिसल्या, पण साऱ्या एकाच कोपऱ्यात, एकीवर एक.

"बोटीतही असंच मांडीवर बसायचं का?" नोंग बेर्तोने विचारलं. "माझी ना नाही. शेजारी कोण आहे तेवढं बघून सांग!"

हसण्यात अधिकाऱ्याचाही आवाज होता. रोझेल हसली नाही. बाहेर समुद्र करडा व्हायला लागला होता. धक्क्यावर कप्तान कमरेवर हात ठेवून आभाळ बघत होता. तिने लाटांकडे पाहिलं. त्या लाटांवर तिचे कितीतरी रविवार गेले होते. गेल्याच महिन्यात साहेबांनी त्या सगळ्या ऑफिसला दाखवल्या होत्या.

तिने लाटा पुसल्या. मग खुर्च्यांचा उजेड, मग गोल कडा, मग रंग. उरले ते नुसते चौकोन, रांगेने मांडलेले, प्रत्येकात एक आकडा. या कामात पडली तेव्हा पहिल्या वर्षी ती असली पानं बनवायची. बोटांना ते अजून आठवत होतं. कुणीतरी खिडकीतून तिच्या हातावर पुसो ठेवला. पानातला तो भात तसाच कोमट होत राहिला. ती लिहीत राहिली.

"उघडा, मानांग."

मानांगने एका बोटाने कळ दाबली. पडदा पांढरा झाला. रांगेत कुणी हललं नाही. मग वरून एक ओळ आली, तिच्याखाली दुसरी, तिसरी, आणि अख्खी बोट चौकोनाचौकोनाने पडद्यावर उभी राहिली.

"नाव?" मानांगचा आवाज एकदम सरकारी झाला.

"जुनालिन," गणवेशवाली मुलगी म्हणाली.

मानांगने चौकोन दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातलं यंत्र खाकरलं, करकरलं आणि त्यातून तिकीट बाहेर सरकू लागलं. मानांगने ते टरकन फाडून डोक्यावर धरलं.

बंदरात असा काही गलका उठला की कोंबडा नोंग बेर्तोच्या काखेतून निसटून खिडकीच्या कट्ट्यावर चढला. अनोळखी बायका टाळ्या वाजवत होत्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. जुनालिनने खिडकीतून आत हात घालून रोझेलचं मनगट घट्ट धरलं. "थँक्यू, आते," मोठ्या बहिणीला म्हणावं तसं एवढंच म्हणाली आणि पिशवी सांभाळत बोटीकडे पळत सुटली. रोझेल क्रेटवरून उठली. तिला रडू येतंय की हसू, ते तिचं तिलाच कळेना.

इशारा आला तेव्हा बोट बेटापासून बरीच पुढे गेली होती. सेबूला परत निघालेली रोझेल डेकवर माणसांच्या गर्दीत बसून गार झालेला पुसो खात होती. फोन वाजला. साहेब होते.

"रोझेल, साइटला काय झालंय? लाटा कुठे गेल्या? नुसते चौकोन दिसतायत! कुणी बघितलं नाही ना हे असं?"

"सगळ्या बंदराने बघितलं, सर," रोझेल तोंडातला घास गिळत म्हणाली. "टाळ्या वाजवल्या."