वाट विचारणारा

"एवढं तेज काढ ना त्याच्या डोक्यामांगं, लोकं उद्या फुलं वाहायले येतीन," धर्मपाल भिंतीवर चित्र काढणाऱ्या पोरीला म्हणाले. हातात चुन्याची बादली होती. विहाराच्या समितीनं निक्षून सांगितलं होतं, तेज नसेल तर भिंत पांढरी करा.

"नाही काढणार, बाबा." ज्योत्स्ना शिडीवरून उतरलीसुद्धा नाही.

फार जुन्या काळी दूर देशातला एक तरुण धम्माचे ग्रंथ शोधत पायी निघाला आणि भातकुलीच्या शिवारात दुपारभर टेकला, अशी आजोबांची गोष्ट. खरी किती, ते आजोबाच जाणोत. पण तोच आता विहाराच्या डाव्या भिंतीवर उभा होता. तळवे फुटलेले, मानेवर घाम, वाट विचारायला हात पुढे केलेला.

अमरावतीच्या बॅनरच्या दुकानात ज्योत्स्नानं नगरसेवकापासून त्याच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यामागे तेज फेकलं होतं. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की झालं! पोट भरत होतं, पण आपण चित्रकार आहोत की नाही, याचाच तिला विसर पडला होता. हे तळवे रंगवताना मात्र ती जेवायचं विसरली. किती वर्षांनी! तेव्हाच तिला कळलं, आपण आहोत.

"तो अजून शोधून राहिला, बाबा. पोचला नाही. तेज आताच कुठून आणू?"

"अन् लोकायले हे कोन समजावून सांगन? मी?"

तेवढ्यात इंदूबाई वंदनेला आल्या. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांनी मान हलवली की समितीही हलवायची. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून, ताटातली उरलेली फुलं घेऊन त्या डाव्या भिंतीकडे वळल्या. चित्र त्यांनी पायापासून वर बघितलं. मग फुलं ताटात परत ठेवली आणि बाहेर निघून गेल्या.

"पायलं? फुलं वापस नेले!" धर्मपालांनी सुस्कारा सोडून कुंचला चुन्यात बुडवला आणि ते भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. पोरीची मेहनत पुसायची म्हणजे त्यांच्याही जिवावर आलं होतं.

ज्योत्स्नाचा आवाज हलला नाही.

"फासा. मी पुन्हा काढीन. असाच काढीन."

दारात पावलं वाजली. इंदूबाई घरून तांब्या भरून घेऊन आल्या होत्या. भिंतीशी वाकून त्यांनी तो त्या फुटलेल्या तळव्यांजवळ ठेवला.

"पानी पे, बापा. लय लांबून आलेला दिसतं."

मग कमरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या आणि मागे वळल्या.

"बाजूले सरक, धर्मपाल. त्याच्या वाटंत उभा हायेस तू."