वच्छलाबाईचा पहारा

वामनरावांनी रुईचं गाठोडं नौशादच्या दुकानात ठेवलं, वच्छलाबाईकडे पाहिलं आणि पुन्हा उचललं.

"तुले खोली भेटली म्हनतात."

"हाव भाऊ. तेलघाण्यामागं. परवाच राहाले गेली."

"मंग कसं जमन?"

प्रश्न रास्त होता. डोणगावात गादी भरायला टाकली की घरचं एक माणूस दिवसभर दुकानात बसतं. नौशाद पिंजारी चोर आहे म्हणून नव्हे; तो चोर नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. गादी एकदा शिवली की पोटात नवी रुई आहे की जुनी, हे कोण उसवून बघणार? नौशाद कधी रागावत नाही. पहाऱ्याला बसणाऱ्याला उलट चहा पाजतो.

दोन वर्षांपूर्वी वच्छलाबाई एसटी स्टँडवर राहत होती. ती आणि तिचा नवरा एका शेतावर सालदार होते. शेतातल्या झोपडीतच संसार. नवरा वारला, मालकानं शेत विकलं, झोपडी शेताबरोबर गेली. ती काम मागायला गेली की लोक विचारत, "राह्यतं कुठं?" तिचं उत्तर ऐकलं की त्यांच्याकडचं काम संपलेलं असे.

मग एका घाईतल्या गिऱ्हाइकाला नौशादनंच सुचवलं, "तुमच्या जागी हिले बसवा. घरच नाही तिले, रुई चोरून ठिवन कुठं?" गिऱ्हाइकाला पटलं. हळूहळू गावालाही पटलं. घर नसणं ही कामाला लावून घेण्याजोगी लायकी आहे, हे डोणगावला पहिल्यांदाच कळलं. वच्छलाबाईला रोजचं काम मिळालं. त्या रोजीवर तिनं खोली घेतली. आणि लायकी गेली.

वामनरावांचं गाठोडंही साधं नव्हतं. यंदा बीटी कपाशीची बोंडं गुलाबी अळीनं आतून खाल्ली होती. पहिल्या वेचणीचा चांगला कापूस तेवढा त्यांनी लेकीच्या, छकुलीच्या लग्नातल्या गादीसाठी बाजूला ठेवला होता. बियाण्याच्या पाकिटावर त्यांनी विश्वास ठेवून पाहिला होता. आता माणसांवर ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

वच्छलाबाईनं कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

"झडती घ्या. बोटभर रुई सापडली, त आजपासून मी इथं बसत नाही."

नौशादनं पिंजायचं यंत्र बंद केलं. वामनराव खरोखरच गेले. अशा कामात लाजून चालत नाही.

खोली एकच होती. चूल, दोन पातेली, दोरीवर लुगडं. वामनरावांनी चारही कोपरे पाहिले. पातेल्यांची झाकणंसुद्धा उचलली. कापसाचा तंतूही नव्हता. जमिनीवर खताचं रिकामं पोतं अंथरलेलं होतं. अर्ध्या गावाच्या गाद्या आपल्या डोळ्यांसमोर भरून घेणारी बाई पोत्यावर झोपत होती.

ते परत आले. किल्ली दिली. गाठोडं नौशादपुढं ठेवलं आणि घसा खाकरला.

"नौशाद, पहिले हिची गादी भर. माह्या रुईतून. उरन त्यात छकुलीची."

नौशादनं गाठोड्याची गाठ सोडायला हात घातला. वच्छलाबाई उठली आणि गाठोड्यापुढं येऊन उभी राहिली.

"हात काढा, नौशादभाई."

"अवो बाई, मालक स्वतः सांगून राह्यला."

"सांगू द्या. पोरीच्या लग्नाची रुई हाय थे. मी इथं बसून हाय तवर पसाभर इकडची तिकडं होनार नाही." ती वामनरावांकडे वळली. "मंग काढनारे तुमी का असाना."

नौशाद पाठमोरा होऊन यंत्राचा पट्टा तपासू लागला. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं.

 गाठोडं तिथंच सोडून वामनराव चपला घालून दुकानाची पायरी उतरले, आणि एकदाही मागं न बघता थेट घरी गेले.