‘अपॉल्ड’ला मराठी शब्द

“अपॉल्डला मराठीत काय म्हणतात?” उन्मेष साहेबांनी इंग्रजीत विचारलं. नाव मराठी असलं तरी साहेब वाढले सिंगापुरात. मराठी कळायचं ते ‘जेवलास का’पर्यंत, हिंदी तेवढंही नाही. म्हणून तर बिल्डर कंपनीने अनुजाला त्यांची दुभाषी म्हणून ठेवलं होतं.

अनुजाने ‘धक्का बसला’ लिहिलं आणि त्याचा अर्थ सांगितला.

“धक्का मॅच हरल्यावरही बसतो. जे झालं ते भयंकर आहे, ते बघून आतून काहीतरी तुटलं, असा शब्द हवा.”

सुन्न, हतबुद्ध करत करत गाडी एकदाची ‘हादरून गेलो आहोत’वर येऊन थांबली. परळच्या टॉवरच्या कामावरची लिफ्ट कोसळून लिफ्टमन शिवा गेला होता. त्याचे वडील, तात्या, बाहेर बसले होते. साहेबांच्या वतीने अनुजाला त्यांच्यासमोर हे चार शब्द वाचून दाखवायचे होते. शिवाचं नाव नीट उच्चारता यावं म्हणून साहेबांनी ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ते ढोंग असतं तर अनुजाला किती सोपं गेलं असतं.

कारण गेल्या महिन्यात शिवा साहेबांच्या याच केबिनमध्ये उभा होता. “साहेब, ब्रेक धरत नाय. एक दिवस माणूस मरेल हिच्यात.” साहेबांनी अनुजाकडे पाहिलं होतं. आणि अनुजाने इंग्रजीत सांगितलं होतं, “तो म्हणतोय, सवडीने सर्व्हिसिंग करून घेतलं तर बरं.” बांधकाम चालू असलेल्या जागी मरणाची भाषा कशाला? वास्तू तथास्तु म्हणते, हे लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय नव्या साहेबासमोर आपला माणूस उद्धट दिसायला नको. साहेब हसून “शुअर” म्हणाले होते.

तात्या आत आले. खुर्चीच्या टोकावर बसले. अनुजाने कागद वाचला. ‘हादरून गेलो आहोत’ म्हणताना तिने कागदावरून नजर वर केली नाही.

“हादरले? म्हणजे साहेबांना ब्रेकचं ठाऊक नव्हतं?” तात्यांनी विचारलं.

अनुजाने कागदाची घडी घातली.

“पण शिवा तर बोललेला मला. बोलला, तात्या, आता चिंता नाय. आपल्या डिलाईल रोडचीच पोरगी आहे तिथं, तिनं साहेबाला सगळं फोड करून सांगितलंन. त्या दिवशी पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी हसत कामाला गेला.” त्यांनी मान वर केली. “ती तूच ना, बाय?”

“काय म्हणतायत ते?” साहेबांनी विचारलं.

‘आभार मानतायत’ म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. साहेबांना तात्यांचं कळत नव्हतं, तात्यांना साहेबांचं. मध्ये ती एकटी होती. तात्या साहेबांना खोटारडा समजून घरी गेले असते, आणि साहेबांना ते कधी कळलंही नसतं. नोकरी राहिली असती. घरी आईच्या औषधांचं चाललं असतं. हे सगळं तिच्या डोक्यात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

“अनुजा?” साहेब म्हणाले.

तिने कागद खाली ठेवला. साहेबांकडे पाहिलंच नाही.

“तात्या, मीच ती. पण मी सगळं नव्हतं सांगितलं.”

तात्या रागावले नाहीत. त्यांना ते नीटसं समजलंच नसावं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि अगदी हळू विचारलं,

“मग काय सांगितलंस, बाय?”