खुशाली शहाण्णव

फोनवर अण्णांची खुशाली शंभरपैकी शहाण्णव दिसत होती, म्हणून शलाकाने याही महिन्यात त्यांना फोन केला नाही. सूत्र तिनेच बसवलं होतं: घरातल्या सेन्सरांनी वडिलांची पावलं, नळाचं पाणी आणि दाराची उघडझाप मोजायची. दार उघडलं म्हणजे कुणी आलं, हा तिचा अंदाज. आता जिल्ह्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तेच सूत्र लागू होतं.

कामानिमित्त ती चिपळूणला, अण्णांच्या गावी गेली, तेव्हा शेजारच्या बर्वेकाकू घराच्या फाटकातच भेटल्या.

"अण्णांकडे वर्दळ असते ना?" तिने विचारलं.

"कुणाची गं? दिवसातून चाळीसदा दार उघडून रस्त्याकडे बघतात, तू आलीस का म्हणून."

शलाकाने फाटक ढकललं. समोर दार करकरलं, आणि तिच्या हातातल्या फोनवर खुशाली सत्त्याण्णव झाली.