हात वर करण्याआधी

गावसभेत विल्माचा ठराव मतदानाला आला. कोळशा-तेलावर देशभर कर लावा आणि जमलेला पैसा घरोघरी सारखा वाटा, अशी मागणी गावाने सरकारकडे करायची होती.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

एकही हात हलेना. पहिल्याच रांगेत हॉलिस बसला होता. भर बर्फात प्रत्येकाच्या घरी हीटरचं तेल पोचवणारा हॉलिस. त्याच्यासमोर हात कोण वर करणार? विल्माचा चेहरा उतरला.

"चर्चमध्ये आल्यासारखे काय बसलात रे!" हॉलिस उठला. "चालू द्या तुमचं. मी जरा ट्रकचं इंजिन तापवून येतो."

दार लागलं आणि भराभर हात वर गेले.

विल्मा दाराकडे बघत राहिली. सकाळी ती आणि हॉलिस सभेला बरोबरच आले होते, चालत.