घंटेनंतरचे एक वाक्य

मास्तरांची पाळी येताच अध्यक्षबाईंनी हातातील कागद बाजूला ठेवला आणि त्या मृदू स्वरात म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बसूनच बोला. आणि आज तुम्हांला वेळेचं बंधन नाही."

सेवा क्लबच्या बैठकीचा प्रारंभ खबरबातीने होत असे. प्रत्येक सभासदाने आपल्या घरची वा कामाची एक बातमी सांगायची, मिनिटे दोन. ती भरली की घड्याळदुरुस्ती करणारे घड्याळजी टेबलावरची पितळी घंटा वाजवीत. घंटेनंतर केवळ एक वाक्य बोलण्याची मुभा असे, आणि ज्याच्यावर घंटा वाजेल त्याने बैठकीअंती सर्वांचे कप विसळावेत, असा नियम होता. अकरा वर्षे हे कप बहुतांशी टेलर मास्तरांनीच विसळले होते. पक्षाघाताच्या झटक्याने ते सात महिने घरी राहिले, तेव्हा साबण कोठे ठेवतात हे निम्म्या क्लबला ठाऊक नसल्याचे उघडकीस आले.

"बंधन नाही" हे शब्द ऐकून मास्तरांचा चेहरा उतरला. दारात पाऊल टाकल्यापासून जो तो त्यांना सांभाळीत होता. कोणी काठी धरली, कोणी खुर्चीवर उशी ठेवली. बेकरीवाला तर त्यांच्याशी इतक्या मोठ्याने बोलू लागला होता, की जणू झटका कानांनाच आला असावा.

"पाहुणा... नाही मी," मास्तर पुटपुटले. ते फक्त शेजारी बसलेल्या घड्याळजींना ऐकू गेले.

"बाई, नियम आहे," घड्याळजी मान वर न करता म्हणाले.

"अहो, पण आजच्या दिवस—"

"नियम सगळ्यांना. सूट द्यायची तर रीतसर ठराव मांडा. मी विरोध करीन." त्यांनी खिशातले घड्याळ काढून घंटेशेजारी ठेवले.

मास्तर डावा हात टेबलावर रोवून उभे राहिले. उजवा हात अंगाशी लोंबत होता.

"आ... आभार," ते म्हणाले. "डॉक्टर... साहेबांचे. नर्स... ताईंचे." नर्सताई रोज सकाळी येऊन त्यांच्याकडून हाताचे व्यायाम करून घेत. "चाकांची... खुर्ची. क्लबची."

प्रत्येक नावापाशी ते अडत, आणि सभागृह नको तितके शांत होत जाई. अध्यक्षबाई खाली पाहू लागल्या. मास्तरांचा शब्द पुरा करण्यासाठी बेकरीवाल्याचे ओठ आपोआप हलत होते. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. जी बातमी सांगण्यासाठी ते दोन जिने चढून आले होते ती ओठांपर्यंत येतच नव्हती. आभारांची रांग तिची वाट अडवून उभी होती.

"आणि... दर... बुधवारी... घड्या—"

टण्ण!

"अहो, काय हे!" नर्सताई ताडकन उभ्या राहिल्या.

"माणुसकी काही आहे की नाही तुम्हांला?" बेकरीवाला ओरडला.

मास्तरांनी डावा हात उचलून दोघांनाही थांबवले. ते हसत होते. झटक्याने ते हसू एका बाजूस ओढले गेले होते, तरी ते जुनेच होते. अकरा वर्षे घंटा वाजली की हेच हसू उमटत असे.

"एक वाक्य," घड्याळजी म्हणाले. "मोजून एक."

मास्तरांनी डोळे मिटले. शब्द आतल्या आत जुळवले. मग उजवा हात त्यांनी मोठ्या कष्टाने टेबलाच्या कडेपर्यंत वर आणला.

"काल... या हातानं... सुईत दोरा... ओवला."

 टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"मास्तर," बेकरीवाला डोळे पुसत ओरडला, "सात महिने माझी पँट तुमच्याकडे लटकतेय! आता ती मला व्हायचीही नाही!"

"शिवणीत... कापड... ठेवलंय... सोडून," मास्तर म्हणाले. "तुला... ओळखतो."

बैठक संपली. बाईंनी कप गोळा करण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा मास्तर नळापाशी पोहोचलेही होते. "घंटा... माझ्यावर," त्यांनी सुनावले. बाई मागे सरल्या. घड्याळजी मात्र फडके घेऊन शेजारी उभे राहिले.

"दहा सेकंद... आधी... वाजवलीस," कप विसळता विसळता मास्तर म्हणाले.

"माझं घड्याळ पुढे गेलं असेल."

"भिंतीवरचं... बघत होतो."

"मग ते मागे असेल."

"तेही... तूच... लावतोस."

वादात आजवर कोणाला हार न गेलेले घड्याळजी एक कप उगाच दोनदा पुसत राहिले.

"बुधवारी येतो, नेहमीसारखा," शेवटी ते म्हणाले. "या खेपेला सुई आणखी बारीक काढून ठेव. आणि हे बघ, याच्या कडेला डाग राहिलाय." हातातला लख्ख कप त्यांनी मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी कपाकडे पाहिले, मग घड्याळजींकडे. त्यांनी डावा हात पाठीमागे नेला आणि तो कप उजव्या हाताने धरला. बोटे थरथरत कपाच्या कानाभोवती मिटली. त्या कपाखाली, वीतभर अंतरावर, घड्याळजींचा उघडा तळहात होता. कपाला तो लागत नव्हता.